वस्तादाचा खुराक

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पद्माकर वस्ताद मान उंचावून पोराला शोधत होते आणि पोरगा त्यांच्या पुढ्यात चार हातांवर उभा होता. "आबा" अशी हाक आली तेव्हा कुठं त्यांनी नीट पाहिलं. आवाज धैर्यशीलचाच, पण भोवतीचं अंग भलत्याच कुणाचं. हनुवटीखाली वळी, शर्टाची खालची बटणं ताणलेली, आणि पावलं बारीक, जपून टाकलेली. शेजारी सून वल्लरी होती म्हणून ओळख पटली. एरवी वस्ताद त्याला ओलांडून पुढंच गेले असते.

गावाकडं, पन्हाळ्याच्या पायथ्याला, वस्तादांच्या बायकोनं, अरुणाबाईंनी, हेच तोंड रोज फोनवर पाहिलं होतं. "पोरानं अंग धरलंय बघा. आता घोर न्हाई," असं म्हणून त्यांनी देवीला नारळही फोडला होता. आपल्याकडं गालावर मांस चढलं की दुखणं गेलं, असाच हिशेब. पण वस्तादांची चाळीस वर्षं तालमीच्या लाल मातीत गेली होती. मांस कुठलं आणि चरबी कुठली, हे ते पैलवानाची नुसती पाठ बघून सांगत. धैर्यशील बॅगा उचलायला वाकला, त्यांनी पाठ पाहिली आणि मनात म्हणाले, महिन्यात उतरवतो.

दुखणं साधं नव्हतं. वर्षापूर्वी, लग्नाला दीड वर्ष झालेलं असताना, धैर्यशीलला पाया लेबारच्या ऑफिसात एसीच्या जाळीतून माणसं बोलताना ऐकू यायला लागली होती. ती त्याच्याबद्दलच बोलत. मग पाण्यात कुणी काही घातलंय असं वाटायला लागलं, झोप गेली, जेवण गेलं. वल्लरीनं एकटीनं त्याला दवाखान्यात नेलं. तीन आठवडे तो तिथं होता. सायकोसिस म्हणतात याला, सुरुवातीलाच सापडलंय, औषध नेमानं घेतलं तर माणूस उभा राहतो, असं डॉक्टर म्हणाले आणि ते खरं झालं. आवाज थांबले. ऑफिसनंही त्याला अर्ध्या दिवसाच्या कामावर परत घेतलं.

वस्तादांनी गावात सांगितलं, पोराला विषमज्वर झालाय. स्वतः मात्र आले नाहीत. ऊस तोडायला आलाय, हे कारण. खरं कारण असं की चार जिल्ह्यांच्या पैलवानांना न भ्यालेला हा माणूस पोराच्या डोळ्यांत बघायला भ्याला. शेवटी वल्लरीचाच फोन आला, "आबा, मला एकटीला होत नाही हो. याल का?" तेव्हा निघाले.

बिशानच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पहिल्या दिवशी धैर्यशील आंघोळीला गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "साखर अगदी काठावर आलीय त्याची. आठ महिन्यांत बावीस किलो वाढला. डॉक्टरांनी दीड महिना दिलाय. तेवढ्यात खाली नाही आली तर आणखी गोळ्या वाढतील."

"मग वाढू दे की गोळ्या."

"तो आहे त्याच गोळीला वैतागलाय, आबा. त्यानं ती सोडली तर सगळं पहिल्यासारखं होईल. ते आवाज, ते सगळं. मला पुन्हा नाही बघवणार." तिनं नाक पुसलं. "रात्रीच्या जेवणानंतरची गोळी तेवढी तुम्ही देत जाल का? मी रोज समोर बसून देते, तर मला स्वतःलाच पोलीस असल्यासारखं वाटतं."

"एवढंच ना? दिली म्हनून समज," वस्ताद म्हणाले.

तालीम दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. सिंगापुरात सात वाजेपर्यंत उजाडत नाही, हे वस्तादांना ठाऊक नव्हतं. पाचला उठून ते खिडकीशी सूर्याची वाट बघत बसले आणि देशच आळशी आहे असं त्यांचं मत झालं. सहाला धैर्यशीलला उठवून दोघं बिशान पार्कात गेले. दिव्याच्या उजेडात गवतावरून हातभर लांबीची घोरपड संथपणे चालली होती आणि तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मोठ्या झाडाखाली एक चिनी म्हातारा हात मागंपुढं झुलवत उभा होता. सगळीकडं गवतच गवत. उघडी माती कुठं दिसेना. वस्ताद मनातून हिरमुसले, पण चपला काढून म्हणाले, "चल. पंचवीस बैठका. मग जोर."

धैर्यशीलच्या बारा बैठका झाल्या. तेराव्याला तो गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकायला लागला.

"लेका, दहावीत तू दोनशे मारत होतास."

"हो आबा," तो म्हणाला. हल्ली तो असंच बोलायचा, एकेक शब्द, सपाट आवाजात.

पहिल्या रविवारी वस्तादांनी हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरली, तिळाचं तेल कोमट केलं आणि पोराला पालथं घातलं. मालीश म्हणजे तालमीतली प्रार्थनाच. हात फिरता फिरता वस्तादांना अंगातलं सगळं कळे, कुणाचा खांदा दुखावलाय, कुणाची झोप झाली नाही, कुणाच्या घरी भांडण झालंय. त्यांनी धैर्यशीलचा हात कोपरातून दुमडला आणि थांबले. हात सरळ वळेना. थोडा वळे, अडके, पुन्हा थोडा वळे, खुंटा सैल झालेलं जातं ओढावं तसा.

"दुखतंय?"

"नाही. गोळीनं होतं तसं. डॉक्टरांना माहीत आहे. कमी होईल म्हणाले."

वस्ताद बराच वेळ तो हात मांडीवर घेऊन चोळत राहिले. याच हाताला धरून त्यांनी पोराला पहिल्यांदा तालमीच्या मातीत, हौद्यात उतरवलं होतं. मग तेल संपल्याचं निमित्त करून ते उठले.

आता मेहनत आली म्हणजे खुराक आला. नुसत्या मेहनतीनं अंग वाळतं, हे वस्तादांना शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी भिजवलेले बदाम वाटले, दूध आटवलं, त्यात केळी कुस्करली, वरून चमचाभर तूप. वल्लरी जुरोंग ईस्टच्या ऑफिसला निघताना तो पेला पाहून दारातच थांबली.

"आबा, हे त्याला नको. साखर आहे ना."

"आगं, दुधा-तुपानं कुनाला साखर झालीय? साखर होती ती तुमच्या त्या बिस्किटांनी. जखम मांडीला आन मलम शेंडीला, असं नगं करू. चरबी घामानं जाती. घाम गाळायचा तर खुराक लागतोय."

सासऱ्याला उलट कसं बोलायचं? ती ओठ मिटून निघून गेली. धैर्यशीलनं पेला संपवला आणि बोटानं पुसून घेतला. संध्याकाळी तो फ्रिजपुढं उभा राहून कोरडा पाव खाताना वस्तादांना दिसला. एक, दोन, तीन. चावत होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

"आत्ताच तर जेवलास."

"आबा, भूक थांबतच नाही. पोट भरतं, भूक नाही भरत."

"जिभंवर ताबा पायजे, गड्या," वस्ताद म्हणाले. पाव डब्यात परत ठेवून धैर्यशील खोलीत गेला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं वस्ताद दुसऱ्यांना म्हणत. आपल्या जिभेचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नव्हता.

त्याच आठवड्यात पार्कात ते घडलं. धैर्यशील चौथ्या जोरालाच छातीवर आपटला आणि उठेना. वस्तादांमधला जुना वस्ताद जागा झाला. त्यांनी झाडाची पडलेली काटकी उचलून त्याच्या मांडीवर मारली. जोरात नाही, तालमीत मारतात तेवढीच. पण बोलले मात्र जोरात, "ऊठ! म्हशीगत काय बसलायस? लाज वाटत न्हाई?"

हात झुलवणारा चिनी म्हातारा थांबला. "अंकल," तो म्हणाला, "डोंट स्कोल्ड लाह. ही ट्राइंग." वस्तादांना शब्द कळले नाहीत, सूर कळला. पळायला आलेल्या दोन मुली मान फिरवून निघून गेल्या. धैर्यशील उठला, अंगावरचं गवत झाडलं, शर्ट ओढून पोट झाकलं आणि घराकडं चालायला लागला.

गोळीचं काम वस्ताद करतच होते. आठ खणांचा छोटा डबा होता, सात वारांचे सात आणि एक जादा. जेवण झालं की तो डबा पोरापुढं सरकवत आणि स्वतः खिडकीबाहेर बघत. सत्तावीस वर्षांच्या बाप्याला तोंड उघड म्हणायचं, म्हणजे अब्रू काढायची. धैर्यशील खण उघडे, पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघरात जाई. खण रिकामा होई. वस्तादांना तेवढं पुरे होतं.

आणि मग चमत्कार व्हावा तसं झालं. वजनाचा काटा खाली यायला लागला. दहा दिवसांत तीन किलो! धैर्यशील पावाच्या डब्याकडं बघेना. दुधाचा पेला नाकाशी नेई, हुंगे आणि तसाच खाली ठेवी. "जिभंवर ताबा आला बघ," वस्तादांनी अरुणाबाईंना फोनवर सांगितलं. वल्लरीसुद्धा हसून म्हणाली, "आबा, तुमचं ऐकायला हवं होतं मी." त्या दिवशी ती जेवण होताच झोपली, कितीतरी महिन्यांनी.

पोरगा मात्र पहाटे वस्तादांच्याही आधी उठून बसलेला असे. एकदा त्यानं फ्रिजचं बटण बंद केलं. का, तर तो गुणगुणतो म्हणून. वस्तादांना वाटलं, झोप कमी लागतेय, हलका झालाय, पैलवानासारखं होतंय. माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं.

तिसऱ्या रविवारी पुन्हा मालीश झालं. वस्तादांनी पाठ चोळली, खांदे चोळले आणि धैर्यशीलचा हात कोपरात दुमडला. हात सरळ वळला. कुठं अडकला नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसा गेला आणि आला. वस्तादांना आनंद झाला. त्यांनी दुसरा हात वळवून पाहिला. तोही सुटा. "वा रं पठ्ठ्या," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची बोटं जागच्या जागी थांबली. हाताचं अडकणं गोळीमुळं होतं. हात सुटला, म्हणजे अंगात गोळी नव्हती.

दुपारचे तीन वाजले होते. वल्लरी बाजारात गेली होती. वस्ताद तेलाच्या हातांनी तसेच बसून राहिले.

"धैर्या."

"हं."

"गोळी घेतोयस न्हवं?"

खाली रस्त्यावर बस थांबली आणि गेली.

"स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या नळीत टाकतो," वर्तमानपत्रात तोंड घालून धैर्यशील म्हणाला.

"कवापासनं?"

"पार्कातून आलो ना, त्या दिवसापासून." तो उठून बसला. तेलानं चकाकणारं पोट त्यानं दोन्ही हातांनी झाकलं. "गोळीनं भूक लागते, आबा. गोळीनं असं होतं. मी आळशी नव्हतो हो. ऑफिसात लिफ्टमध्ये शिरलो की लोक मागं सरकतात. वल्लरीच्या शेजारी झोपायची लाज वाटते. आणि मग तुम्ही पण म्हणालात."

वस्ताद तेलाचे हात वर्तमानपत्राला पुसत राहिले.

"दोन दिवस झाले, परत येतायत ते. लांबून. अजून शब्द नाही कळत." त्यानं एसीकडं पाहिलं आणि चटकन नजर वळवली. "वल्लरीला नका सांगू."

वस्तादांना आयुष्यात तीन वेळा अस्मान दिसलं होतं. तिन्ही वेळा पाठ मातीला लागल्यावर जो दम जातो, तो त्यांना आठवत होता. हे तसं नव्हतं. हे त्याहून खाली होतं. आपण केलं, आपल्या तोंडानं केलं, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी पुढं सरकून पोराचं तेलकट डोकं छातीशी धरलं. मोठा झाल्यावर असं कधी धरलं नव्हतं, त्यामुळं कुणाचा हात कुठं जावा हे दोघांनाही कळेना.

"ऐक," ते म्हणाले. "चुकलं माझं. म्हशीगत म्हनलो, ते चुकलं. तू शंभर किलोचा हो, दीडशेचा हो, दारातनं आडवा शीर. पन तू ऱ्हा, बाबा. तुझं आंग मी कसंबी बघीन. तू न्हाईस, ते मला बघवायचं न्हाई. वर्सामागं म्हनूनच आलो न्हाई मी. भ्यालो हुतो."

धैर्यशील रडला. वस्तादही रडले.

वल्लरी भाजीच्या पिशव्या घेऊन आली तेव्हा वस्तादांनीच तिला सांगितलं, धैर्यशीलसमोर. ती चपलांच्या मांडणीवर बसली. एक बूट काढला, दुसरा पायातच राहिला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुम्ही आलात म्हणजे मला झोपता येईल."

"व्हय पोरी. तू इस्वासानं डबा दिलास आन मी खिडकीतनं भायेर बघत बसलो." वस्तादांनी सुनेपुढं हात जोडले. तिनं घाईघाईनं उठून ते हात खाली केले, आणि मग धैर्यशीलजवळ जाऊन त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. तेल तिच्या कपाळाला लागलं तरी हलली नाही.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावलं. तिथली नर्स हरप्रीत सिंगापुरातच जन्मलेली, पण आजीकडून शिकलेली हिंदी बोलायची. वस्तादांची हिंदी कोल्हापुरी. दोघांचं छान जमलं.

"अंकलजी, क्या खिलाते हो?"

"दूध," वस्ताद उत्साहानं सुरू झाले, "बादाम, केळा, तूप..." तूप म्हणताना त्यांचा आवाज उतरला. "घी. थोडाच."

हरप्रीत रागावली नाही. ती म्हणाली, ये भूख इसकी नहीं है, दवाई की है. मनावर ताबा नाही असं समजू नका. या आजाराच्या पोरांचं वजन, साखर, रक्तदाब आम्ही म्हणूनच मोजत बसतो, कारण डोकं सुधारतं आणि तोवर काळीज-साखरेचं दुखणं मागच्या दारानं शिरतं. दोन्ही धरायचं. मग डॉक्टर आले. तीच गोळी आजपासून परत सुरू, आवाज बसले की हळूहळू दुसरीवर नेऊ, तिनं भूक कमी लागते, पण महिने लागतील, असं ते म्हणाले. साखरेसाठी एक वेगळी गोळी दिली. बैठका नकोत म्हणाले नाहीत, पण रोज चालायला सांगितलं. धैर्यशीलनं मान हलवली.

शेवटी हरप्रीतनं टेप काढली. "कमर." धैर्यशीलचे हात आपोआप शर्टावर गेले. तो भिंतीकडं बघायला लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वल्लरी काही बोलणार तेवढ्यात वस्ताद पुढं झाले.

"आधी हमारा," ते म्हणाले आणि सदरा गळ्यातून काढून मोकळे झाले.

"अंकलजी, आप पेशंट नहीं हो!"

"वस्ताद है हम. पैले वस्ताद का माप हुता है." त्यांनी श्वास ओढून छाती फुगवली आणि पोट आत घेतलं. सहासष्ट वर्षांचं पोट ते, कितीसं आत जाणार? हरप्रीतनं हसू दाबत टेप फिरवली. "साँस छोड़िए." सोडला. "एक सौ तीन. अंकलजी, नब्बे के अंदर चाहिए!"

"एकशे तीन?" वस्ताद खरोखरच चकित झाले. "टेप खोटी हाय."

धैर्यशील हसला. आधी नाकातून, मग तोंड उघडून. आठ महिन्यांत वल्लरीनं ते ऐकलं नव्हतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिली. हसता हसताच त्यानं शर्ट वर केला. त्याची कंबर एकशे सहा भरली, आणि हरप्रीतनं दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहून दिले.

त्या दिवसापासून खुराक बदलला. वस्ताद स्वतः स्वयंपाकाला उभे राहिले. मटकी, काकडी, ज्वारीची पातळ भाकरी. साखरेचा डबा त्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकला. हॉकर सेंटरवर, म्हणजे खाली खाण्याच्या गाळ्यांवर, कॉफी बिनसाखरेची मागायची तर 'कोसोंग' म्हणायचं, हे शिकले आणि तोंड वाकडं करत प्यायला लागले. गोळीच्या वेळी आता ते खिडकीबाहेर बघत नसत. समोर बसत. आपली ब्लडप्रेशरची गोळीही, जी गावाकडं आठवण होईल तेव्हा घेत, ती आता त्याच वेळेला घेत. बाप-लेक एकदमच पाणी पीत.

भूक मात्र परत आली. जेवणावर गोळी झाली की तासाभरात धैर्यशीलची चुळबुळ सुरू होई. म्हणून वस्तादांनी जेवण संध्याकाळी लवकर आणलं. साडेसातला दिवस बुडायच्या सुमाराला तो फ्रिजपाशी जाऊन उभा राहिला की ते चपला घालत. "चल. भूक बोलवाय लागली. तिला जरा फिरवून आणू."

पार्कात नदीच्या कडेनं एक मोठी फेरी होती. ती संपेस्तोवर भूक कधी बसायची, कधी नाही. नाही बसली तर दुसरी फेरी. वल्लरी ऑफिसातून वेळेवर सुटली तर तीही यायची. वस्तादांचे गुडघे कुरकुरायचे, पण ते थांबत नसत. पोराला एकट्याला सोडायची त्यांची छाती होत नव्हती. अजून कधी कधी तो मधेच थबकून कानोसा घेई. "काय म्हनतायत?" असं वस्ताद सरळ विचारत. "काही नाही. पुटपुटतायत." "पुटपुटू दे त्यांना. आपुन चालू." आणि ते चालायला लागत.

नव्या खुराकाच्या अठराव्या दिवशी, वाढवून घेतलेला सिंगापुरात राहायचा पास संपायला पाच दिवस उरले होते तेव्हा, दुसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर वस्तादांचा डावा गुडघा साफ बसला. ते बाकाचा आधार घेऊन उभे राहिले आणि काही झालं नाही असं दाखवायला लागले.

धैर्यशीलनं त्यांच्या दंडाला धरलं. "आबा, बसा."

"न्हाई, चल. अर्धीच ऱ्हायलीय."

"बसा म्हणतो ना." त्यानं त्यांना खाली बसवलं, वाकून गुडघा दोन्ही हातांनी चोळला, नेमका जिथं दुखत होतं तिथं. "मी मारतो फेरी. येतो."

"एकटाच?"

"हो."

वस्तादांच्या तोंडात दहा गोष्टी आल्या. त्यांनी एकही बाहेर येऊ दिली नाही. "बरं," म्हणाले.

पोरगा निघाला. जड, धापा टाकत, घामानं पाठीला चिकटलेल्या शर्टात. पुलाजवळच्या वळणावर तो क्षणभर थांबला. धैर्यशीलनं कपाळ पुसलं, शर्ट सारखा केला आणि झाडांमागं गेला. मग तो दिसेना. नदीचं पाणी काळं पडत चाललं होतं. पळणारे गेले, सायकलवाले गेले, कुत्र्याला घेऊन एक बाई गेली. वस्ताद बाकाच्या टोकाला येऊन बसले आणि दोन वेळा उठायला गेले.

मग वाटेच्या दुसऱ्या टोकाला तो दिसला. इतक्या लांबून, इतक्या अंधारात, हनुवटीखालच्या वळीसकट आणि डुलणाऱ्या पोटासकट, वस्तादांनी त्याला एका नजरेत ओळखलं. ते बाकावर बाजूला सरकले आणि त्याला ऐसपैस बसता येईल एवढी जागा करून ठेवली.